उजेडावर पाय देऊ नये

अंबडच्या त्या शेडवर चढण्याआधी
मी शिडी हलवून पाहते.
चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर,
वरचं टोक छपराच्या कडेपेक्षा हातभर वर,
दोरखंडाने बांधलेलं. सुतळी असेल तर मी चढत नाही.
मणियार ठेकेदार घड्याळ बघतो.
"आठच पत्रे बदलायचेत मॅडम,
दुपारच्या चहापर्यंत उरकतं."

उरकतं.
माझ्या वहीत या शब्दाला रकाना नाही.
रकाने आहेत ते असे: काय घडेल,
घडायची शक्यता किती, घडलं तर किती वाईट.
मग एकाला दुसऱ्याने गुणायचं.
उंची सव्वीस फूट, खाली लेथ मशीन.
या गुणाकाराला बोटं लागत नाहीत.

सातपूरला एकदा मी उशिरा पोचले होते.
हेल्मेट नवं होतं, किमतीचं स्टिकरही तसंच.
त्याहून जास्त इथे लिहीत नाही.

वरून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो
आणि पुढ्यात सगळं छप्पर एकसारखं पांढरं.
गेल्या उन्हाळ्यात मालकांनी
ऊन परतवणारा रंग मारून घेतला,
सिमेंटच्या पत्र्यांवर, आणि त्याच हाताने
मधल्या फायबरच्या, उजेडाच्या पत्र्यांवरही.
वीस उन्हाळे खाऊन ते कागद झालेत.
आता कुठला कोणता, छप्पर सांगत नाही.

मोतीराम भोये सुरगाण्याचा.
बाप कड्यावरची मोहळं काढायचा.
"दोर बांधायच्या आधी तो दगडाला विचारायचा," म्हणतो,
आणि शिडीवरूनच बोटाच्या पेराने पत्रा वाजवतो.
ठक्क.
पुढचा? पुढचा हाताच्या टप्प्यात नाही.
तिथलं ऐकायचं तर पाऊल टाकावं लागेल.

आम्ही खाली उतरलो.
ऑफिसात पिवळा नकाशा निघाला,
त्यात उजेडाचे पत्रे अकरा.

"चौदा," झाडू न थांबवता ठकूबाई शिरसाठ म्हणाली.
कशावरून?
"रंग मारायच्या आधी ऊन पडायचं ना इथं.
थंडीत तिरकं. मी डबा तापायला ठेवायची,
ऊन सरकलं की डबा सरकवायची.
वैशाखात मात्र बाराच्या ठोक्याला अगदी सरळ,
सतरंजीएवढं एकेक.
पाय भाजायचे, म्हणून तेवढं टाळून झाडायची.
चौदा ठिकाणी टाळायची."

खडू दिला तिला.
ती वाकून वाकून चौकोन आखत गेली,
सावलीत, विसरलेल्या उन्हाचे.
मग आम्ही खांबांपासून टेप लावला,
ओळंबा उलटा वापरावा तसं
खालचं वर नेलं.

त्या दिवशी एकही पत्रा बदलला नाही.
लेथ बंद ठेवलं. कैचीला जाळी ताणली,
आडव्या फळ्या मागवल्या, लाइफलाइन ओढली.
पट्ट्याचा हुक मोतीरामने तीनदा ओढून पाहिला,
मी चौथ्यांदा.
मणियार कोणाशी तरी फोनवर बोलत होता,
माझं नाव घेत होता, माझं आडनाव चुकवत होता.

तिसऱ्या दिवशी पहिला जुना पत्रा खाली उतरवला.
मणियारने गंमत म्हणून त्यावर टाच ठेवली.
पापड मोडावा तसा आवाज झाला.
टाच काढून घ्यायला त्याला जरा वेळ लागला.

संध्याकाळकडे फळीवर गुडघ्यांनी सरकत
मोतीराम पत्रे वाजवत होता, सवयीने,
आणि एका जागी थांबला.
"मॅडम, हा पण."
स्टोअरच्या भिंतीपलीकडचा,
जिथे ठकूबाईला कुलूप असतं, जिथे ती झाडत नाही.
त्याच्या खाली जाळी नव्हती.

जाळी येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला,
फळीवर, दोरीला बांधलेला,
पांडवलेण्याकडे बघत बिडी न पेटवता.

वहीत मी चौदा खोडून पंधरा लिहिलं.
मग त्या पंधरापुढे पेन्सिलीने
एक प्रश्नचिन्ह.